अण्णांचे सुपर आणि शालनच्या अळ्या

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अळ्या निवडणं. वाचणाऱ्याला किळस आली तर त्यानं खुशाल पान उलटावं, पुढं करंज्या-चकल्यांचं काहीतरी असेलच.

दुपार कलली होती. शालन, म्हणजे माझी बायको, उंबऱ्यावर बसून गव्हाचा कोंडा चाळत होती. कोंडा खाली पडायचा, अळ्या वर राहायच्या, आणि वर राहिलेल्यातल्या पांढऱ्या तेवढ्या मी वाटीत वेचत होतो. ही अळी अधूनमधून कात टाकते. टाकली की थोडा वेळ पांढरी आणि मऊ असते, मग पिवळी पडते आणि पाठ कडक होते. नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिल्लाला पांढरीच द्यावी लागते, पिवळी त्याला पचत नाही. या कामाला तीक्ष्ण नजर लागते, आणि आमच्या दोघांत धड चष्मा एकच होता. तो माझ्या नाकावर.

"आवं, पिवळी टाकलीसा की वाटीत," शालन म्हणाली.

"पांढरी हाय ती."

"चष्मा पुसा. पांढरी म्हणं!"

पुसला. पिवळी होती. ही बाई बिनचष्म्याची मला शिकवायची, आणि बरोबर शिकवायची, याचा मला उभा जन्म राग होता. "चा ठेवतो," म्हणून ती उठली. चुलीपर्यंत गेली, भिंतीला हात लावून खाली बसली, ती परत उठलीच नाही. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. यावर जास्त लिहीत नाही. दिवाळीचा अंक आहे.

त्या अळ्या ज्यांच्यासाठी होत्या त्यांच्याबद्दल लिहितो. आमच्या अंगणातल्या मोठ्या पिंजऱ्यात एक घरटं होतं आणि त्यात तीन पिल्लं होती, डोळे न उघडलेली, अंगावर पीस नाही, नुसता लाल गोळा. त्या जातीचं एकही पिल्लू तोवर आमच्या हातून जगलं नव्हतं. ही तीन जगवायची, एवढा एकच ध्यास आम्हा म्हातारा-म्हातारीला लागला होता.

मी अण्णांच्या पाखरांचा माणूस. अण्णा म्हणजे आमचे मालक, पेठ वडगावच्या अलीकडं त्यांचा मळा आणि बंगला. जैन घराणं, ऊस-गुळाचा धंदा, आणि डोक्यात पाखरांचं वेड. कायद्यानं पाळता येतात ती परदेशी पाखरं ते कागदपत्रं करून आणायचे आणि जाळीच्या मोठमोठ्या खोल्यांत ठेवायचे. मी मुळात त्यांच्या मळ्यातला गडी. एकदा सुटलेला पोपट मी टोपीनं धरला, तेव्हापासून पाखरं माझ्याच गळ्यात पडली. माझी शाळा चौथीपर्यंत. इथं शब्द चुकला असेल तर अंकवाल्यांनी सुधारावा. नाही सुधारला तर चूक त्यांची.

पाखरं सांभाळणं म्हणजे दाणा टाकणं, असं लोकांना वाटतं. दाणा कोण बी टाकेल. खरं काम म्हणजे शीट बघणं. सकाळी उठून आधी पाखराची शीट बघायची, मग देव. पातळ आहे, हिरवी आहे, रंग बदललाय, यावरनं कळतं कोण आजारी पडणार. पाखरू स्वतः होऊन सांगत नाही. मरायला टेकलं तरी छाती काढून, ऐटीत बसतं, आमच्या गावच्या माजी सरपंचासारखं. दुसरं म्हणजे दारं. पिंजऱ्याला एकामागं एक दोन दारं असतात. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एकदम उघडी राहिली की पाखरू पन्हाळ्याला आणि तुम्ही घरी.

तर पुण्याकडच्या एका हौशी माणसानं आपला पक्षी-पसारा आवरला आणि त्यातली सहा पाखरं अण्णांना दिली. आफ्रिकेतली. कागदावर नाव होतं 'सुपर्ब स्टार्लिंग'. आमच्या तोंडात ते पहिल्याच दिवशी नुसतं 'सुपर' झालं, आणि कोल्हापूरकडच्या माणसाला यापेक्षा सोपं नाव सापडणार पण नाही. आपली साळुंकी आणि थंडीत ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्या यांच्याच भावकीतला हा. पण भावकीत एखादा मुंबईला जाऊन सूट-बूट घालून येतो ना, तसा. डोकं काळं, पाठ आणि गळा निळा, उन्हात हिरवा मारणारा, पोट विटकरी, आणि निळ्या-विटकरीच्या मधोमध पांढरा पट्टा, जानवं आडवं घातल्यासारखा. जाणत्या पाखराचा डोळा पांढराफेक असतो, त्यामुळं सदा कुणावर तरी डोळे वटारलेत असं वाटतं. तरण्या पाखराचा डोळा तपकिरी. आमच्या सहांत चार पांढऱ्या डोळ्यांचे, दोन तपकिरी.

नर कुठला, मादी कुठली, ते बघून कळत नाही. दोघांना कपडे सारखेच. कोण कुणाशी घरोबा करतंय ते लांबून बघायचं आणि तर्क करायचा. तसा तर्क करून अण्णांनी एक जोडी ठरवली. त्या जोडीनं बाभळीच्या फांदीत गवताचं गोल छप्पराचं घरटं बांधलं, भोवती काटक्या-काटे खोचले. शालननं देवासाठी वळून ठेवलेल्या वाती पिंजऱ्याच्या जाळीशी राहिल्या होत्या, त्याही आत ओढून नेल्या. आम्ही खूश. आणि मग अण्णांना दिसलं की त्या घरट्यात तिसरं पाखरू जा-ये करतंय. चौथं पण.

अण्णा हादरलेच. "ज्ञानू, हे काय बरं न्हाय. दुसऱ्याच्या घरात कशाला जातंय ते?"

"विचारून बघतो," मी म्हणालो.

"चेष्टा करू नको. काढ बाजूला सगळी. त्या दोघांचा संसार त्यास्नी करू दे."

काढली. चार पाखरं वेगळ्या जाळीत. जोडी घरट्यापाशी दोन दिवस भिरभिरली आणि घरटं सोडून दिलं. अंडं नाही, काही नाही. शेवटी कोल्हापूरचे पाखरांचे डॉक्टर आले, त्यांनी सांगितलं, "अहो, यांच्यात एकत्र कुटुंब असतं. आधीची पोरं, काका, आत्या, सगळे मिळून पिल्लांना भरवतात. तिकडं आफ्रिकेत डझनभर मंडळी एका घरट्यावर राबतात."

शालन पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अण्णा, तुम्ही आत्याबाईला तुरुंगात टाकलासा की!"

"पण भावकी एवढी गुण्यागोविंदानं राहते?" अण्णांना ते पटेना. वडगावात कुणालाच पटलं नसतं.

"भांडतात की," डॉक्टर म्हणाले, "पण पिल्लानं चोच उघडली की भांडण बंद."

सगळ्यांना एकत्र केल्यावर अंडी झाली. निळीशार. पिल्लं आली आणि मेली. परत अंडी, परत पिल्लं, परत मेली. दोष कुठं आहे ते डॉक्टरांनी ओळखलं होतं आणि अण्णांना सांगताना त्यांचा आवाज खाली आला होता. मैना पेरू खाते, डाळिंब खाते, म्हणून अण्णांना वाटलं हा पक्षी फळं खाणारा. मोठा सुपर पपई, अंजीर, भिजवलेली डाळ यांवर भागवतो. पण पिल्लाला जिवंत किडाच लागतो. त्याशिवाय त्याचं हाड धरत नाही.

आता अण्णांचं सांगतो. अण्णा मुंगीला वळसा घालून जायचे आणि ते ढोंग नव्हतं. पावसाळ्यात दिव्यावर किडे-चिलटं पडू नयेत म्हणून त्यांच्या घरी सांजेच्या आत जेवणं उरकायची. असल्या माणसाच्या आवारात मी अळ्या चारायच्या? "माझ्या जागेत जीव जीवाला घालायचा न्हाय, ज्ञानू," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या खेपेची पिल्लं मेली तेव्हा त्यांनी स्वतः डाळिंबाखाली खड्डा केला आणि दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाही. मला राग यायचा आणि कीव पण यायची, दोन्ही एकदम, आणि काय बोलावं ते कळायचं नाही. शालनला कळायचं. ती थेट बंगल्याच्या पायरीवर गेली, मी मागं.

"अण्णा, एक बोलू?"

"बोल की. तू बोलली न्हाईस असं कधी झालंय?"

"अळीला जीव हाय, मान्य. मग पिल्लू काय रताळं हाय व्हय?"

अण्णा म्हणाले, "शालन, रताळं बी आम्ही खात न्हाय."

आणि आधी हसू कुणाला आलं ते मला आठवत नाही. पण अण्णांचे डोळे ओले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डर बोलावला. सगळा पिंजरा उचकटून रस्त्यापलीकडं, आमच्या घराच्या अंगणात उभा केला. "जागा तुमची. पाखरं बी तुमची," म्हणाले. "मी विचारणार न्हाय, तुम्ही सांगायचं न्हाय."

त्या दिवसापासून रस्त्याच्या अलीकडं अण्णांचा कायदा, पलीकडं शालनचा. तिनं स्वयंपाकघरात टबांची रांग लावली. टबात कोंडा, कोंड्यावर बटाट्याची चकती, आत अळ्या. अळीचा होतो काळा किडा, किडा घालतो अंडी, अंड्याची परत अळी. "ह्यांचा संसार बघा," ती मला म्हणायची, "तक्रार न्हाय, कटकट न्हाय." अण्णा रोज संध्याकाळी पाखरं बघायला यायचे आणि फाटकाशी थांबून मोठ्यानं खोकायचे. खोकला ऐकला की शालन अळ्यांच्या डब्यावर झाकण घालायची. मग अण्णा आत. एकदा अण्णांना खरंच सर्दी-खोकला झाला आणि ते दिवसभर बंगल्याच्या व्हरांड्यात खोकत बसले. डबा उघडावा तर खोकला, झाकावा तर अळ्यांची चटक लागलेली पाखरं ओरडायची. शेवटी शालननं त्यांना आल्याचा काढा पाठवला. आलं जमिनीतलं, म्हणून काढा परत आला. मग नुसता तुळशीचा पाठवला, तेव्हा पाखरं जेवली.

पाखरं बघायला माणसं फार यायची, आणि पाखरांपेक्षा मला त्यांनीच जास्त दमवलं. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन आल्या. नवीन फ्लॅट, नवीन पडदे, आणि त्यांना पडद्याच्या निळ्याला जुळणारं पाखरू पाहिजे होतं. तुकडा जाळीला लावून बघत होत्या. सुपर उन्हात बसला होता, रंग तंतोतंत जुळला. बाई खूश. तेवढ्यात तो उडून सावलीत गेला आणि काळा झाला. बाई म्हणाल्या, "हा वेगळा आहे." म्हटलं, तोच आहे. या पाखराचा निळा हा निळा नसतोच, पिसाची घडण तशी असते, ऊन पडलं तर निळं दिसतं, नाहीतर काळं. "मग आमच्या हॉलमध्ये?" हॉलमध्ये ऊन येतं का, विचारलं. नाही म्हणाल्या. "मग काळे पडदे लावा," म्हटलं. गेल्या. पावण्यांशी असं बोलतात का, म्हणून शालननं मला झापलं आणि मग आत जाऊन स्वतः हसली, ते मला ऐकू आलं.

दुसरे एक वस्ताद आले. तालमीतले, मान एवढी की शर्टाचं बटण जन्मात लागलं नसेल. पाखरं बघून हळहळले. "पावणं, अंग धरत न्हाईत ही. खुराक काय?"

सांगितला.

"छ्या. पपईवर पैलवान होतोय व्हय? दूध-बदाम चालू करा."

पाखराला दूध पचत नाही, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली. मी पाण्याचा पाइप आणायला मागं गेलो तेवढ्यात वस्तादांनी बरोबर आणलेली बाटलीभर थंडाई जाळीतनं पाखरांच्या पाण्याच्या परातीत ओतली. सुपरला अंघोळीचं भारी वेड. परात भरलेली दिसली की आधी डुबकी, मग विचार. सहाच्या सहा थंडाईत नाहले. बाहेर आले ते बदाम-खसखशीत घोळलेल्या वड्यांसारखे, पंख चिकटलेले, कुणाला उडता येईना, आणि पांढरे डोळे आमच्यावर वटारलेले. मी आणि शालन कोमट पाण्यानं एकेकाला धूत बसलो. वस्ताद पण बसले आणि अपराध्यासारखे पाणी घालत होते. जाताना म्हणाले, "एवढी थंडाई माणसाला पाजली असती तर..." पुढचं शालनच्या तोंडाकडं बघून गिळलं.

शालनला या पाखरांची बोली कळायची. मला कळत नव्हती, उगाच मोठेपणा कशाला. घार दिसली की सुपर एक बारीक शिट्टी घालतो. जमिनीवरनं मुंगूस किंवा मांजर आलं की घसा खरवडल्यासारखा कचकच करतो. शालन भाकऱ्या थापता थापता ऐकायची. शिट्टी झाली तर नुसती म्हणायची, "घार." कचकच झाली की तव्यावरची भाकरी तशीच टाकून उलथनं घेऊन अंगणात. तिकडं आफ्रिकेत या पाखरांचा आवाज ऐकून माकडं पळतात म्हणे. इकडं शालन पळायची. हे तिला सांगितलं तेव्हा त्या दिवशीची जळकी भाकरी माझ्या ताटात आली.

रस्त्यापलीकडं आल्यावरची पहिली पिल्लं म्हणजे ही तीन. अंडी फुटल्या दिवसापासून घरट्यावर सहाच्या सहा राबत होते. त्यातला एक तपकिरी डोळ्याचा सगळ्यात उतावळा, दुसऱ्याच्या चोचीतली अळी हिसकावून स्वतः भरवायचा. शालन त्याला 'धाकले दीर' म्हणायची. तासातासाला ताजी पांढरी अळी पिंजऱ्यात पडायला पाहिजे. पहिले दिवस चुकले की संपलं, हे आम्ही दोन खेपा बघितलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी शालन गेली.

तिन्हीसांजेपर्यंत सगळं उरकलं. माणसं जमली, नेलं, आणलं. मी काय करत होतो ते मला सांगता येणार नाही. जाताना वाटीतल्या अळ्या मी पिंजऱ्यात रिकाम्या केल्या होत्या, एवढं लक्षात आहे. माझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, पन्हाळ्याहून आली होती, ती बायकांत कुजबुजत होती, "दगड हाय ह्यो, दगड."

सकाळी उठलो आणि टबाकडं गेलो. अंगणात पाहुणे-रावळे सतरंजीवर बसलेले, बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या. अण्णा केव्हाच येऊन खुर्चीवर बसले होते. मी डबा भरून पिंजऱ्याकडं निघालो तशी आक्का आडवी आली.

"कुठं निघालास?"

"पिल्लांकडं."

"सुतकात हाईस. बायकोची राख निवली न्हाय अजून, आन् जीव मारायला निघालास व्हय? ठेव त्यो डबा."

"आक्का, बाजूला हो."

"अण्णा, तुम्हीच सांगा की ह्याला. तुमी तर जैन माणूस!"

सगळं अंगण अण्णांकडं बघायला लागलं. मी पण. आदल्या दुपारपासून पिल्लांच्या पोटात काय गेलं असेल ते मला ठाऊक होतं. अण्णांनी हात जोडले असते, नको म्हणाले असते, तर मी त्यांचं ऐकलं असतं का, अजून सांगता येत नाही.

अण्णा उठून उभे राहिले. "आक्का, सोडा त्याला," म्हणाले. "पिल्लांस्नी अळ्या लागतात."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बोलले, खुर्ची उचलली, तोंड भिंतीकडं केलं आणि पाठमोरे बसले.

मी पहिलं दार उघडलं, लावलं, दुसरं उघडलं. अळ्या टाकल्या. एकही पाखरू खाली येईना. सहाच्या सहा वरच्या फांदीला चिकटून बसलेले. एवढी माणसं, एवढा आक्रोश, त्यांनी कधी बघितला नव्हता. घरट्यातनं आवाज येतोय का, मी कान देऊन ऐकत होतो आणि बाहेरच्या रडण्यात काही ऐकू येत नव्हतं. शेवटी मी आतनंच ओरडलो.

"रडायचं थांबवा बघू सगळी! पिल्लं उपाशी मरायलीत!"

आक्काचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कुणी पदराचा बोळा तोंडात घातला, कुणी नाक दाबलं. वीस-पंचवीस माणसं, मयताच्या घरातली, मूग गिळून एका जाळीकडं बघत बसली. कुणीतरी शिंकणार होता, त्याला शेजारच्यानं चिमटा काढला.

मग धाकले दीर उतरले. एक अळी उचलली, माझ्याकडं बघितलं, आणि घरट्यात घुसले. मागनं दुसरा, तिसरा, रांगच लागली. मी वाकून घरट्याच्या तोंडातनं बघितलं. एक पिवळी चोच उघडी. दोन. तिसरी मला दिसेना. मी तिथंच बसकण मारली. एक पाखरू आत गेलं, बाहेर आलं, आणि मग दोघांच्या खालनं तिसरी चोच वर आली, सगळ्यात मोठी उघडलेली.

"हैत का?" अण्णांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

"हैत. तिन्ही हैत."

डबा रिकामा केला. दुसरं दार लावलं, मग पहिलं लावलं, कड्या बघितल्या आणि अंगणात आलो. सगळी अजून श्वास धरून बसलेली.

"झालं," म्हटलं. "आता रडा."

कुणीच रडेना. मग मीच सुरू केलं.